वाळवंटी युद्धातील जर्मन गणवेश : संकलन आणि प्रमाणीकरण
(पेण व रोहा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

इतिहासलेखनाच्या साधनांचे लिखित साधने आणि भौतिक साधने असे दोन स्थूल भाग केले जातात. महाराष्ट्रात लिखित साधनांच्या चिकित्सेची परंपरा समृद्ध आहे. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. घराघरांतील दप्तरे शोधणे, त्यांचा कागद, शाई, मोडी वळण व शिक्का तपासणे आणि मजकुराची कालगणनेशी सांगड घालणे ही शिस्त तेव्हापासून रुजली. भौतिक साधनांच्या बाबतीत, विशेषतः विसाव्या शतकातील वस्तूंच्या बाबतीत, ही शिस्त तितक्या काटेकोरपणे पाळली जात नाही. 'आजोबांनी लढाईतून आणलेला जर्मन कोट' एवढे सांगितले की ती वस्तू प्रमाण मानली जाते, किंवा 'बाजारात अशा नकला पुष्कळ मिळतात' असे म्हणून ती सरसकट नाकारली जाते. या दोन्ही भूमिका संशोधनाला घातक आहेत.

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत १९४० ते १९४३ या काळात झालेल्या वाळवंटी युद्धातील जर्मन गणवेश हा जगभर संग्राहकांच्या आवडीचा विषय आहे. पेण व रोहा या तालुक्यांच्या दृष्टीने तो दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. तथापि तत्कालीन कुलाबा जिल्हा (१९८१ पासून रायगड) हा मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीचा टापू असलेल्या कोकणाचा भाग होता, आणि याच रेजिमेंटची एक पलटण जर्मन आफ्रिका कोअरच्या थेट समोर उभी राहिली होती. त्यामुळे या भागातील एखाद्या पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत जर्मन गणवेश सापडला, तर त्याकडे कसे पाहावे, हा प्रश्न येथील इतिहास विभागांसाठी केवळ कुतूहलाचा नाही.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) जर्मन वाळवंटी गणवेशाची ओळख पटवणारी लक्षणे नोंदविणे, (२) बहिरंग व अंतरंग परीक्षणाची पद्धत या साधनाला लागू करणे, (३) मराठी सैनिकांच्या इतिहासाच्या आधारे असा गणवेश येथवर पोहोचण्याच्या शक्यता तपासणे, आणि (४) स्थानिक पातळीवरील संकलनासाठी कार्यपद्धती सुचविणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इटलीने जून १९४० मध्ये युद्धात प्रवेश केल्यावर आफ्रिकेत दोन रणक्षेत्रे निर्माण झाली. पूर्व आफ्रिकेत, म्हणजे एरिट्रिया व अ‍ॅबिसिनियात, ब्रिटिश व भारतीय सैन्याची लढाई इटालियन सैन्याशी होती. केरेनच्या डोंगराळ प्रदेशातील लढाईत (फेब्रुवारी–मार्च १९४१) मराठा पलटणींनी भाग घेतला. उत्तरेकडे लिबियात मात्र इटलीच्या मदतीसाठी जर्मन सैन्य आले. सेनापती एर्विन रोमेल १२ फेब्रुवारी १९४१ रोजी त्रिपोली येथे दाखल झाला आणि आफ्रिका कोअरची उभारणी झाली.

२० जून १९४२ रोजी रोमेलने तोब्रुकच्या तटबंदीवर निर्णायक हल्ला चढविला. त्यासाठी त्याने आग्नेय बाजू निवडली होती. तेथे ११ व्या भारतीय ब्रिगेडमधील पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण तैनात होती. पहाटे विमानांतून बाँबवर्षाव झाला आणि पाठोपाठ रणगाडे आत शिरले. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडले. सुमारे ३३,००० सैनिक युद्धकैदी झाले व त्यांत या पलटणीचे जवानही होते. पुढे ऑक्टोबर–नोव्हेंबर १९४२ मध्ये एल अलामीन येथे पारडे फिरले आणि मे १९४३ मध्ये ट्युनिशियात अक्ष राष्ट्रांच्या फौजांनी शरणागती पत्करली. जर्मन सेनापती फोन आर्निम हा १२ मे रोजी चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या हाती लागला.

रोह्याच्या शेजारच्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे हेही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्याच तिसऱ्या पलटणीचे होते. त्यांना १० जुलै १९४४ रोजी वीरमरण आले व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. परंतु ती लढाई इटलीतील होती, आफ्रिकेतील नव्हे. एकाच जिल्ह्याच्या स्मृतीत एरिट्रिया, लिबिया आणि इटली ही तीन रणक्षेत्रे अशी एकत्र मिसळलेली असतात. परीक्षणाचे पहिले काम ती वेगळी करण्याचे आहे.

गणवेशाची रचना व लक्षणे

जर्मन भूदलाचा उष्ण कटिबंधीय गणवेश १९४० मध्ये तयार करण्यात आला. त्याच्या आखणीत हॅम्बुर्ग येथील उष्णकटिबंधीय संस्थेचा सल्ला घेण्यात आला होता. युरोपातील करड्या लोकरी गणवेशाऐवजी येथे जाड सुती कापड वापरले गेले. त्याचा मूळ रंग हिरवट ऑलिव्ह होता. ऊन, धुणे आणि घाम यांमुळे तो विटून वाळूसारखा पिवळट होई. छायाचित्रांत दिसणारा 'खाकी' रंग हा पुष्कळदा विटलेल्या हिरव्याचाच रंग आहे.

कोटाला समोर पाच बटणे व चार खिसे असत. सुरुवातीच्या नमुन्यात खिशांना मध्यभागी चुणी व झडपेला वळणदार कड असे. पुढे कापड व मजुरी वाचविण्यासाठी नमुना साधा होत गेला. धातूची बटणे आतून कड्यांनी अडकविलेली असत व धुण्यापूर्वी ती काढता येत. छातीवर उजवीकडे गरुडचिन्ह असे. तेही या गणवेशासाठी वेगळे विणलेले, म्हणजे तांबूस तपकिरी पार्श्वभूमीवर फिकट निळसर करड्या दोऱ्याचे होते. विमानदलाचा वाळवंटी गणवेश वेगळ्या कापडाचा व अधिक फिकट रंगाचा होता.

बाहीपट्ट्यांचा कालक्रम विशेष महत्त्वाचा आहे. 'आफ्रिकाकोर्प्स' ही अक्षरे असलेली पट्टी १८ जुलै १९४१ रोजी मंजूर झाली. केवळ 'आफ्रिका' हा शब्द आणि त्याच्या दोन्ही बाजूंस ताडवृक्ष असलेली पट्टी १५ जानेवारी १९४३ रोजी सुरू झाली. पहिली पट्टी दलाची ओळख होती, तर दुसरी मोहिमेचा सन्मान होती.

अस्तराच्या आतील शिक्के हे या साधनाचे जणू 'दप्तर' होय. त्यांत मापाचे आकडे, निर्मात्याचे नाव आणि भांडाराचे आद्याक्षर व वर्ष आढळते. उदाहरणार्थ बर्लिनसाठी 'बी', म्युनिकसाठी 'एम', एरफुर्टसाठी 'ई' व पुढे वर्षाचे दोन आकडे. युद्धाच्या उत्तरार्धात निर्मात्याच्या नावाऐवजी सांकेतिक क्रमांक येऊ लागला.

बहिरंग परीक्षण

कागदाच्या परीक्षणात कागद व शाई पाहतात, त्याप्रमाणे येथे कापड, दोरा, शिवण व धातू पाहावे लागतात. पेणमध्ये मूर्ती हातात घेताच ती शाडूची की प्लास्टरची हे वजनावरून सांगणारे कारागीर आहेत. असे जाणकार बोट कापडाच्या बाबतीतही सरावाने तयार होते. परंतु केवळ 'हाताला जाणवते' हा संशोधनाचा पुरावा होऊ शकत नाही. त्याला पुढील कसोट्यांची जोड हवी.

पहिली कसोटी तंतूंची. पॉलिएस्टरचा शोध १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये लागला आणि त्याचा व्यापक वापर युद्धानंतरचा आहे. त्यामुळे मूळ शिवणीत पॉलिएस्टरचा दोरा आढळल्यास ती शिवण युद्धकालीन नाही. मात्र नंतरची दुरुस्ती आणि मूळ शिवण यांत भेद करणे आवश्यक आहे. फाटलेली बाही घरी शिवली गेली असेल, तर तेवढ्यावरून संपूर्ण कोट खोटा ठरत नाही.

दुसरी कसोटी अतिनील प्रकाशाची. आधुनिक कापड व दोऱ्यांत शुभ्रता आणणारी रसायने असतात व ती या प्रकाशात निळसर चमकतात. संग्राहक या कसोटीवर फार विसंबतात. कोकणातील घरांच्या बाबतीत तिची मर्यादा ओळखली पाहिजे. अस्सल कोट गेल्या काही दशकांत एकदा जरी धुण्याच्या पावडरीत भिजवला गेला असेल, तरी तो चमकेल. याउलट जुन्या कापडावर आज शिवलेली नक्कल चमकणार नाही.

तिसरी कसोटी विटण्याची. वापरलेल्या कोटाचा रंग खांदे, पाठ व खिशांच्या झडपा येथे अधिक उडतो, तर झडपेखाली, शिवणीच्या आत आणि चिन्हाच्या मागे मूळ हिरवट छटा टिकते. रसायनात बुडवून विटविलेल्या नकलेत रंग सर्वत्र सारखाच उतरलेला दिसतो. चिन्हाखालचे कापड भोवतालच्या कापडाइतकेच विटलेले असेल, तर चिन्ह नंतर लावलेले असण्याची शक्यता बळावते.

चौथी कसोटी हवामानाची. वाळवंटातून आलेली वस्तू कोकणात आठ दशके राहिली असेल, तर त्या हवेच्या खुणा तिच्यावर असणे अपेक्षित आहे. लोखंडी कड्यांचा गंज कापडात उतरणे, बुरशीचे डाग, घडीच्या रेषेवर कापड जीर्ण होणे व कसरीची छिद्रे या त्या खुणा होत. 'दादांच्या ट्रंकेत तेव्हापासून पडून आहे' असे सांगितलेला कोट कोरा करकरीत असेल, तर ट्रंकेच्या कथेची पुन्हा तपासणी करावी लागते.

अंतरंग परीक्षण

बखरीतील तारीख व प्रसंग जसे इतर साधनांशी ताडून पाहतात, तसेच गणवेशावरील चिन्हे व त्याच्याविषयी सांगितली जाणारी कथा परस्परांशी ताडून पाहावी लागते. येथे तीन उदाहरणे उपयुक्त ठरतील.

समजा, एखादा कोट 'तोब्रुकच्या लढाईत, १९४२ साली मिळविलेला' म्हणून दाखविला जातो आणि त्यावर ताडवृक्षांची 'आफ्रिका' पट्टी आहे. ती पट्टी १९४३ ची असल्याने कथा व वस्तू यांपैकी एक चूक आहे. पट्टी नसली, तरीही प्रश्न उरतोच. तोब्रुक येथे मराठा पलटण स्वतःच कैद झाली होती. कैदी झालेला जवान शत्रूचा गणवेश विजयचिन्ह म्हणून घरी कसा आणील? जून १९४२ मधील तोब्रुकचे 'विजयचिन्ह' त्या पलटणीच्या जवानाच्या घरी असणे हे ऐतिहासिकदृष्ट्या अत्यंत दुर्बल विधान आहे. ट्युनिशियातील मे १९४३ च्या शरणागतीनंतर तेथे असलेल्या इतर भारतीय तुकड्यांतील जवानाने ते आणणे अधिक संभवनीय आहे.

दुसरे उदाहरण पदकाचे. घरात 'आफ्रिका स्टार' असल्यास जवान जर्मनांशी लढला, असा निष्कर्ष काढला जातो. हे पदक उत्तर आफ्रिकेबरोबर एरिट्रिया व अ‍ॅबिसिनियातील सेवेसाठीही दिले गेले होते. केरेनला लढलेला जवान हे पदक मिळवूनही एकाही जर्मन सैनिकासमोर उभा राहिला नसेल. त्याने आणलेली वस्तू इटालियन असण्याचा संभव अधिक, आणि इटालियन उन्हाळी गणवेश नवख्या डोळ्यांना जर्मन वाटू शकतो.

तिसरे उदाहरण महाराष्ट्रातील स्थानबद्धतेच्या छावण्यांचे. युद्धकाळात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व पुरंदर येथे जर्मन नागरिकांना स्थानबद्ध ठेवण्यात आले होते. तेथून आलेली वस्तू जर्मन असू शकेल, परंतु ते लोक नागरिक होते. वाळवंटी सैन्याशी त्या वस्तूचा संबंध जोडता येणार नाही.

गणवेशांची अदलाबदल दुहेरी होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तोब्रुकच्या कोठारांत हाती लागलेले ब्रिटिश खाकी ड्रिलचे कपडे जर्मन सैनिकांनी मोठ्या प्रमाणावर वापरले. युद्धकाळात भारतीय गिरण्या व शिलाई कारखाने मध्यपूर्वेतील सैन्याला कापड व कपडे पुरवीत होते. त्यामुळे एखाद्या जर्मन सैनिकाच्या अंगावर भारतात विणलेले कापड असणेही अशक्य नव्हते.

आझाद हिंद लीजन : वाळवंट न पाहिलेला वाळवंटी गणवेश

या विषयातील सर्वांत नाजूक भाग भारतीयांनी स्वतः परिधान केलेल्या जर्मन गणवेशाचा आहे. नेताजी सुभाषचंद्र बोस एप्रिल १९४१ मध्ये बर्लिनला पोहोचले. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय युद्धकैद्यांतून त्यांनी आझाद हिंद लीजन उभे केले. अ‍ॅनाबुर्ग येथील छावणीतून भरती व सॅक्सनीतील क्योनिग्सब्रुक येथे प्रशिक्षण, असा त्याचा क्रम होता. जर्मन भूदलात त्याला ९५० वी इन्फंट्री रेजिमेंट हा क्रमांक मिळाला. बर्लिनमधील आझाद हिंद केंद्रात काम केलेल्या ना. ग. गणपुले यांनी या पर्वावर १९५९ मध्ये इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. या पर्वाच्या अभ्यासात ते एक महत्त्वाचे साधन आहे.

१९४३ मध्ये लीजन प्रथम हॉलंडच्या आणि नंतर फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर हलविण्यात आले. ऑगस्ट १९४४ मध्ये ते वाफेन-एसएसच्या ताब्यात गेले. उन्हाळ्यात या जवानांना आफ्रिकेसाठी बनविलेला सुती गणवेश दिला जाई. त्याच्या उजव्या दंडावर तिरंगी पट्ट्यांवर झेप घेणारा वाघ व 'फ्रायेस इंडियन' ही जर्मन अक्षरे असलेली ढाल असे. म्हणजे येथे वाळवंटी गणवेश आहे, परंतु तो गणवेश घालून वाळवंटात कोणीही लढलेले नाही. कैदी म्हणून जवान वाळवंटातून युरोपात गेला आणि वाळवंटाचा गणवेश त्याच्या अंगावर तिकडे चढला.

ही ढाल आज संग्राहकांच्या बाजारात मोठ्या किमतीला विकली जाते आणि म्हणूनच तिच्या नकलाही विपुल आहेत. कुटुंबाकडून 'हा आजोबांचा लीजनमधील कोट' असा दावा आल्यास अधिक सावधगिरी हवी. युद्ध संपल्यावर लीजनचे जवान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात गेले व त्यांना भारतात आणून त्यांची चौकशी झाली. या प्रवासात जर्मन गणवेश जवळ राहण्याची शक्यता अत्यल्प होती. तथापि वस्तू संशयास्पद ठरली म्हणून आजोबांची सेवा संशयास्पद ठरत नाही. घरच्यांना जवानाच्या कैदेविषयी फारसे काही सांगितले गेले नसेल, तर त्या मौनाची जागा भरण्यासाठी पुढच्या पिढीने एखादी वस्तू सद्भावनेने विकत घेतलेली असू शकते. संशोधकाने वस्तूवरील निर्णय आणि माणसावरील निर्णय हे दोन वेगळे ठेवलेच पाहिजेत.

संकलनाची कार्यपद्धती

वरील परीक्षणातून एक गोष्ट स्पष्ट होते. कापडाच्या कसोट्या वस्तू खोटी ठरवू शकतात, परंतु ती 'या माणसाची' आहे हे सिद्ध करू शकत नाहीत. ते सामर्थ्य फक्त मालकीच्या साखळीत आहे. ही साखळी घरात असते, दुकानात नसते. ट्रंकेतील कोट एकीकडे, पदक दुसरीकडे आणि कागद भंगारात गेले, की तिन्हींचे ऐतिहासिक मूल्य नष्ट होते. कोट अस्सल असला तरी तो मुका होतो. त्यामुळे पेण-रोहा परिसरात काम करताना पुढील क्रम सुचविता येईल.

(१) वस्तू हलविण्यापूर्वी ती जेथे व ज्या इतर वस्तूंसोबत सापडली, त्या स्थितीची छायाचित्रे व लेखी नोंद करावी. (२) घरातील ज्येष्ठांचे कथन त्यांच्याच शब्दांत, तारखेसह नोंदवावे आणि प्रश्नातून उत्तर सुचवू नये. (३) सेवापुस्तिका, सेवामुक्तीचा दाखला, निवृत्तिवेतनाचे कागद व पदके यांवरील क्रमांक, हुद्दा व पलटण एकमेकांशी ताडावी. (४) जवान परतला नसेल, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवह्या पाहाव्यात. भारतीय जवानांच्या अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव व जिल्हा दिलेला आहे, आणि ज्यांची समाधी ज्ञात नाही अशांची नावे अलामीनच्या स्मारकावरही आहेत. गावाची नावे रोमन लिपीत विकृत झालेली असल्याने त्यांचे वाचन स्थानिक अभ्यासकच अचूक करू शकतो. (५) कोट धुऊ नये, इस्त्री करू नये व बटणे घासू नयेत. आम्लरहित कागदात सैल घडी घालून कोरड्या जागी ठेवावा. (६) मूळ वस्तू कुटुंबाकडेच राहावी, महाविद्यालयाने नोंद व छायाचित्रे जतन करावीत.

कायद्याच्या दृष्टीनेही ही नोंद निकडीची आहे. पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार सर्वसाधारण वस्तू शंभर वर्षे जुनी असल्याशिवाय पुरावस्तू ठरत नाही. महायुद्धातील गणवेश त्या मर्यादेपर्यंत अद्याप पोहोचलेला नाही. तो विकण्यास, तुकडे करण्यास वा फेकून देण्यास या कायद्याचा अडथळा नाही. संरक्षण आहे ते केवळ कुटुंबाच्या जाणिवेचे आणि अभ्यासकाच्या नोंदीचे.

प्रदर्शनाचा प्रश्न स्वतंत्र आहे. गरुडाच्या पायातील चिन्ह पाहून कोकणातील सामान्य माणसाला आपल्या उंबरठ्यावरचे स्वस्तिक आठवते. ते मांगल्याचे चिन्ह आणि लाखो ज्यूंचा संहार करणाऱ्या राजवटीचे तिरके चिन्ह यांतील अंतर विद्यार्थ्यांना स्पष्ट शब्दांत सांगितल्याशिवाय असा गणवेश मांडणे उचित नव्हे. जर्मनीत अशा चिन्हांच्या जाहीर प्रदर्शनास कायद्याने बंदी आहे, आणि अध्यापन व संशोधन यांना त्यात अपवाद आहे. आपल्याकडे तसा निर्बंध नसल्यामुळे विवेकाची जबाबदारी संस्थेवर येते.

निष्कर्ष

१. जर्मन वाळवंटी गणवेशाचे प्रमाणीकरण कोणत्याही एका कसोटीवर होऊ शकत नाही. तंतू, विटणे, शिक्के व चिन्हांचा कालक्रम यांचा एकत्रित विचार आवश्यक आहे.

२. बाजारात प्रचलित कसोट्या कोकणातील दमट हवा व घरगुती वापर लक्षात घेऊन तपासून घ्याव्या लागतात.

३. कुलाबा जिल्ह्यातील जवानांच्या संदर्भात तोब्रुक, केरेन व इटली यांतील भेद न केल्यास अस्सल वस्तूलाही खोटी कथा चिकटते.

४. वस्तूचे ऐतिहासिक मूल्य तिच्या दुर्मीळतेपेक्षा तिच्या मालकीच्या साखळीत अधिक आहे आणि ती साखळी केवळ स्थानिक संशोधनातूनच टिकू शकते.

वाळवंटी युद्धाला आठ दशके उलटून गेली आहेत. ते पाहिलेली माणसे जवळजवळ राहिलेली नाहीत आणि त्यांच्याकडून ऐकलेली पिढीही वृद्ध झाली आहे. दप्तरे वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी ती गोळा करणाऱ्या पिढीने जे केले, तेच काम आता ट्रंकांच्या बाबतीत करावयाचे आहे. परीक्षणाअंती कोट जर्मन नाही असे ठरले, तरी त्या निमित्ताने ट्रंक उघडली जाईल आणि तळाशी असलेला सेवामुक्तीचा दाखला वाचला जाईल. पेण-रोह्याच्या इतिहासासाठी तो दाखला पुष्कळदा कोटापेक्षा मोलाचा ठरेल.